टेलिफोन मिस्त्री आणि क्लासच्या गाडीची खडखड

या गोष्टीतली पहिली चूक ती सांगणाऱ्याचीच आहे, तेव्हा ती आधी कबूल केलेली बरी. ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या एक बाई आहेत आणि त्यांना एक भाचा आहे. बाईंनी त्याला सोमवारी सकाळी क्लासची पांढरी गाडी गॅरेजात सोडून यायला सांगितलं. "इंजिनात कसला तरी आवाज येतोय, मिस्त्रींना दाखव," एवढंच. भाच्याने कानात इअरफोन घातले आणि गाणी ऐकत गाडी नेली. आवाज त्याने ऐकलाच नाही. गॅरेजात मिस्त्रींनी विचारलं, "कुठून येतो आवाज?" आता "माहीत नाही" म्हणायला काय पैसे पडत होते? पण चार बुकं शिकलेल्या माणसाला हे दोन शब्द फार जड जातात. भाच्याने हनुवटीला हात लावला, जाणत्या माणसासारखे डोळे बारीक केले आणि सांगितलं, "खालून येतो. अगदी तळातून. कोणी आतून ठोकतंय असा." मग बस चुकेल म्हणाला आणि सटकला.

यापुढे भाच्याचं या गोष्टीत काही काम नाही. गोष्ट मिस्त्रींची आहे.

मिस्त्रींचं वय अठ्ठावन्न. गॅरेज दोन गाड्या मावतील एवढं, वर पत्रा, मागच्या भिंतीला एक लाकडी फळा. त्या फळ्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची आकृती काळ्या रंगाने काढलेली. हत्यार जागेवर नसलं की त्याची नुसती सावली उरते आणि मिस्त्री संध्याकाळी ती सावली भरल्याशिवाय शटर ओढत नाहीत. एकाच हत्याराची सावली फळ्यावर नाही, कारण ते कायम मिस्त्रींच्या हातात असतं. हातभराहून लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याने त्यांनी आजवर एकही स्क्रू फिरवलेला नाही. इंजिन चालू ठेवायचं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, "हं... हं... बोल... कधीपासून?... बरं." गिऱ्हाईक बिचारं बाजूला दाराशी अदबीने उभं, कोणाचा खासगी फोन चालू असावा तसं. दोन मिनिटांनी मिस्त्री मूठ खाली घेऊन निकाल देतात, "वॉटर पंप." आणि तो वॉटर पंपच निघतो. यावरून त्यांना सगळे टेलिफोन मिस्त्री म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात, कारण मिस्त्रींना ते आवडतं.

गिऱ्हाइकाला आवाजाबद्दल काही विचारायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. गिऱ्हाइकं आवाजाची नक्कल करायला लागली की मिस्त्रींचं डोकं फिरतं. कोणी तोंडाने शिट्टी घालतं, कोणी दात वाजवतं, एका प्राध्यापकांनी तर टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवला होता. मिस्त्री त्यांना म्हणाले होते, "सर, तुम्ही जरा गप्प बसा, गाडीला बोलू द्या."

मग हाच माणूस त्या सोमवारी एका इअरफोनवाल्या पोराला "कुठून येतो आवाज?" असं का विचारून बसला? खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांपासून कानाला मूठ लावली की पलीकडचं बोलणं पूर्वीसारखं स्वच्छ येत नव्हतं. येत होतं, पण मध्ये कोणी गोधडी धरल्यासारखं. घरी बायकोच्या लक्षात आलं होतं. टीव्हीचा आवाज दर आठवड्याला एकेक घर वर चढत होता. "कानाच्या डॉक्टरकडे चला," ती म्हणायची. मिस्त्री म्हणायचे, "गाड्यांचं ऐकून कान दमतात गं. घरी त्यांना सुट्टी असते."

तर त्या सोमवारी मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, भरपूर रेस दिली, मूठ कानाला लावली. इंजिन सुरळीत. गाडी रस्त्यावर काढली. तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आसपास, पायाचा दाब जरा कमी केला की समोरून स्पष्ट ऐकू आलं. खड-खड-खड-खड. डब्यात चार खिळे घालून हलवावेत तसं. मिस्त्री खूश झाले. म्हणजे आवाज आहे आणि आपल्याला येतोय. गॅरेजात परत आणली, बॉनेट उघडलं, मूठ लावली. गप्प. पुन्हा रस्त्यावर नेली, पुन्हा खडखड. पुन्हा आणली, उघडली, पुन्हा गप्प. गाडीने मौन धरलं होतं, का आपलाच कान ऐनवेळी दगा देत होता, हे मिस्त्रींना कळेना. तोवर भाच्याचे शब्द आठवले. खालून. तळातून. ठोकल्यासारखा. एरवी त्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडले असते. पण त्या दिवशी स्वतःच्या कानावरचा विश्वास पातळ झाला होता, म्हणून दुसऱ्याच्या कानावर विश्वास ठेवला. "बेअरिंग गेलंय," त्यांनी निकाल दिला आणि इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर काढून इंजिन उघडलं.

दोन दिवस गेले. बेअरिंगं नव्यासारखी निघाली. एकावरही ओरखडा नाही. मिस्त्रींनी ती हातात फिरवून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि जशीच्या तशी परत बसवली. बुधवारी संध्याकाळी इंजिन जोडून झालं. फळ्यावरच्या सगळ्या सावल्या भरल्या, पण मिस्त्रींना शटर ओढवेना.

गुरुवारी सकाळी बाई गाडी घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांत परत आल्या. बाईंचा आवाज वर्गातला. शिकाऊंना ओरडून ओरडून तो असा तयार झालाय की साधं "नमस्कार" म्हटलं तरी माणसाचा पाय ब्रेकवर जातो.

"मिस्त्री, इंजिन उघडलंत ना?"

"उघडलं."

"मग आवाज आतच ठेवून बंद केलंत का?"

मिस्त्रींनी हात पुसायला फडकं घेतलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ हात पुसले.

"तसं नाही, बाई. बेअरिंगचं काही नाही, ही खात्री तरी झाली."

"माझी खात्री आधीपासून होती. मी आवाजासाठी गाडी दिली होती, खात्रीसाठी नाही." बाईंनी हातातल्या किल्ल्या वाजवल्या. "शनिवारी माझ्या सहा जणांची लायसनची परीक्षा आहे. ही अशी वाजायला लागली की शिकाऊ माणूस दचकतो आणि स्टिअरिंग सोडून देतो. परवा एकजण गाडी चालू ठेवून दार उघडून पळायच्या बेतात होता. मी शुक्रवारपर्यंत थांबते. नाहीतर बायपासला ते नवीन गॅरेज झालंय ना, कॉम्प्युटर लावतात, तिथे नेते."

"कॉम्प्युटरला कान नसतात, बाई."

"तुम्हाला तरी कुठे आहेत आता? सगळे म्हणतायत, टेलिफोनची लाइन बंद पडली."

बाई सहज बोलून गेल्या. त्यांचा स्वभावच तसा. पण मिस्त्रींना ते आत लागलं. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी दोन वेळा मीठ घातलं, आणि बायकोने ताट पुढून ओढून घेतलं.

"काय झालंय?"

सांगावं लागलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली, "असं करू. त्या गाडीचा आवाज तुम्ही शुक्रवारपर्यंत शोधलात, तर मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही शोधलात, तर सोमवारी मुकाट्याने चलायचं. आणि डॉक्टरने मशीन दिलं तर लावायचं, गॅरेजातसुद्धा. चालेल?"

कानात मशीन घातलेल्या माणसाच्या हातात आपलं इंजिन कोण देईल? तरी मिस्त्री म्हणाले, "चालेल. शुक्रवार संध्याकाळ लांब आहे." आणि विशेष म्हणजे असं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मुदत मिळाली की हा माणूस खुलतो. तीस वर्षं त्याने "संध्याकाळपर्यंत द्या" ऐकतच काढली आहेत.

शुक्रवारी सकाळी ते बाईंच्या दारात हजर झाले. हातात स्क्रू ड्रायव्हर, खांद्याला डबा.

"मी आज क्लासला बसतो."

"शिकायचंय का?"

"ऐकायचंय. गाडी माझ्या गॅरेजात आली की मला ओळखते, शहाण्यासारखी वागते. शिकाऊ माणसाच्या हातात कशी वागते ते बघतो. मी मागे बसेन, एक शब्द बोलणार नाही."

पहिल्याच फेरीला निवृत्त पोस्टमास्तर होते. वय एकसष्ट. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवली आणि आता स्वतःला पोचायला गाडी शिकत होते. स्टिअरिंग त्यांनी असं आवळून धरलं होतं, जणू कोणी ते रजिस्टर पोस्टाने पळवून नेईल. बाई शेजारी, पायाशी त्यांचा जादा क्लच आणि ब्रेक. मिस्त्री मागे, डोळे मिटून.

"आरसा बघा, मास्तर."

"बघितला."

"स्वतःकडे नाही, मागे बघा."

गाडी निघाली. पहिला, दुसरा. खड-खड. मिस्त्रींनी मान तिरकी केली. मग बाजार ओलांडून शाळेच्या उतारावर गाडी आली. तिसरा घालायला गेलेल्या मास्तरांनी पहिला घातला, क्लच सोडला आणि गाडीने एक गचका खाल्ला. इंजिन बंद पडलं. बाईंचा पाय सवयीने आपल्या क्लचवर गेला, आणि गाडी उतारावरून आपली आपण, बिनआवाजी घरंगळत निघाली.

"घाबरू नका. ब्रेक हळू. हळू."

समोर गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली, उतरली.

खड-खड-खड.

"थांबवा," मिस्त्री म्हणाले. एक शब्द बोलणार नाही असं म्हणून बसलेल्या माणसाच्या तोंडून तो इतका मोठा निघाला की मास्तरांनी ब्रेकबरोबर हॉर्नही दाबला.

"आता काय?" बाई वळून म्हणाल्या.

"इंजिन बंद होतं ना?"

"बंदच होतं. मास्तरांच्या कृपेने."

"आणि आवाज आला ना?"

मास्तरांनी अपराधी चेहऱ्याने वर पाहिलं, आवाजही आपणच केला की काय असं त्यांना वाटलं असावं.

"आला," बाई म्हणाल्या.

मिस्त्री गाडीतून उतरले. आता त्यांच्या चालण्यात रुबाब होता. इंजिन बंद आणि आवाज चालू, म्हणजे इंजिनाचा काही संबंधच नाही. चार दिवस आपण निर्दोष माणसाची उलटतपासणी घेत होतो. त्यांनी बॉनेट उघडलं, सळई लावून उभं केलं आणि गाडीचं नाक दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. काही नाही. बॉनेट लावलं, पुन्हा हलवलं. खड-खड. उघडलं, हलवलं. चिडीचूप. लावलं, हलवलं. खड-खड.

उताराच्या कडेला एक शिंप्याचं दुकान आहे. शिंपी मापाची पट्टी गळ्यात घालून बाहेर आला. "कोणी चावी आत विसरलं का?" त्याने मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "नाही, निदान चाललंय."

मिस्त्रींनी बॉनेट बंद ठेवलं. तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. इंजिन ऐकायचं म्हणजे आधी बॉनेट उघडायचं, हे त्यांच्याच काय, कुठल्याही मिस्त्रीच्या हाताला डोक्याला न विचारता कळतं. आज त्यांनी बंद पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि म्हणाले, "बाई, हलवा."

बाईंनी गाडी हलवली. कानात काहीतरी आलं, पण गोधडीआडून. कुठून ते कळेना. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मूठ या कानावरून त्या कानावर नेली. डाव्या.

"हलवा."

खण्ण. कोणी शेजारी बसून सांगावं इतकं स्वच्छ. त्यांनी टोक जरा डावीकडे सरकवलं, तिथे कमी. उजवीकडे, तिथे जास्त. अजून उजवीकडे, पुढच्या दिव्याच्या वर, आणि आवाज थेट टोकाखाली आला. "हं," मिस्त्री पुटपुटले, "बोल."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि सवयीने सळई उभी करायला हात घातला. हात तिथेच थांबला. सळई. बॉनेट उघडलं की ही उभी राहून बॉनेटला टेकू देते. बॉनेट लावलं की आडवी होऊन पुढच्या पट्टीवर पडते, आणि तिचं मोकळं टोक ज्या प्लास्टिकच्या चापात अडकवायचं, तो चाप उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने कडक होऊन मोडून पडला होता. नुसती खुंटी उरली होती. गाडीला धक्का बसला की सळई पत्र्यावर वाजायची. आणि आवाज शोधायला कोणी बॉनेट उघडलं, की हीच सळई उठून उभी राहायची आणि शोधणाऱ्याच्या डोक्यावर बॉनेट धरायची.

मिस्त्रींनी बोटाने सळई आपटून दाखवली. खड-खड-खड.

"हा," ते म्हणाले.

बाईंनी वाकून त्या बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडाकडे पाहिलं. "यासाठी इंजिन उघडलंत?"

"उघडलं. चूक झाली." मिस्त्रींनी ते ताठ मानेने सांगितलं, निकाल देतात त्याच आवाजात. "त्या दोन दिवसांचं तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. आणि पुन्हा तुमच्या भाच्याला पाठवू नका. हुशार मुलगा आहे, घरीच ठेवा."

बाईंना हसू आवरेना. "आणि कॉम्प्युटरवाल्यांनी काय केलं असतं?"

"बॉनेट उघडलं असतं," मिस्त्री म्हणाले.

आता सळईला बांधून ठेवायला काहीतरी हवं होतं. शनिवार उद्यावर आला होता आणि चाप मागवायला दोन दिवस लागले असते. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. नजर शिंप्याच्या दुकानात गेली, तिथून शिवणयंत्राच्या पायाशी. चारही पायांना खाली जाड काळी रबरं, हादरा बसू नये म्हणून.

"एक द्या."

"अहो, पण माझं मशीन हलेल," शिंपी म्हणाला.

"एक दिवस. उद्या सकाळी नवीन आणून देतो."

शिंपी भला माणूस. शिवाय एवढा तमाशा फुकट पाहिल्यावर नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्याने स्वतः यंत्र उचलून धरलं आणि मिस्त्रींनी रबर काढून घेतलं. मध्ये चीर पाडली, अर्धं पट्टीवर बसवलं, अर्ध्यात सळई दाबून अडकवली. बॉनेट लावलं. बाईंनी हलवलं, मास्तरांनी हलवलं, शिंप्यानेही हौसेने दोन झटके दिले. गाडीने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सहापैकी पाच जण परीक्षा पास झाले. सहावे मास्तर. पण त्यात गाडीचा दोष नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री घरी पोचले ते दारातूनच बोलत. "सापडला."

"खरंच?" बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. सगळं ऐकलं, सळईपर्यंत. तिचा चेहरा उजळला आणि लगेच जरा उतरला. "म्हणजे आता डॉक्टर नको. शब्द दिला होता मी."

मिस्त्रींनी चपला काढल्या, एक एक करून, नीट भिंतीशी लावल्या. मग म्हणाले, "जाऊ या सोमवारी."

"का? जिंकलात ना तुम्ही?"

"जिंकलो. पण डाव्या कानाने." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "उजवा खरंच मंद झालाय गं. मला वाटत होतं तो गेला म्हणजे सगळं गेलं. तसं नाहीये. मला दुसरा आहे, आणि तो तीस वर्षं नुसता बसून होता. अजून कोरा आहे. तेव्हा उजव्याचं काय ते डॉक्टर बघू देत. मशीन म्हणाला तर मशीन. गॅरेजात विचारलं कोणी, तर सांगेन, कान सर्व्हिसिंगला दिलाय."

सोमवारी दोघं डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाला. मिस्त्री त्या आवाजांवर खूश झाले. बाहेर येऊन डॉक्टरला म्हणाले, "तुमच्या मशीनचा पंखा घासतोय. बेअरिंग बदला." डाव्या कानाने ऐकलं होतं. डॉक्टरने कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या, एक वरून सरळ जाणारी, एक उतरत जाणारी. उजव्यासाठी छोटं यंत्र लिहून दिलं, पंधरा दिवसांत मिळेल म्हणाला. मिस्त्रींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, गाडीचं बिल ठेवतात तसा, मनाला लावून न घेता.

परतीची वाट शाळेच्या उतारावरून होती. शिंप्याचं दुकान उघडं होतं. शनिवार गेला, रविवार गेला, आणि मिस्त्रींना रबराची आठवण उताराच्या तोंडाशी आल्यावर झाली. यंत्राच्या तीन पायांखाली रबरं होती आणि चौथ्याखाली घडी घातलेला पुठ्ठा. शिंपी पायडल मारत होता आणि यंत्र थरथरत होतं. मिस्त्रींनी चालता चालता बायकोला हळूच दुसऱ्या बाजूला घेतलं आणि स्वतः दुकानाच्या बाजूला आले, उजवा कान दुकानाकडे करून.

"मिस्त्री," शिंप्याने हाक मारली. "अहो मिस्त्री, रबर."

मिस्त्री सरळ समोर बघत चालत राहिले.

"ते बोलावतायत तुम्हाला," बायको म्हणाली.

"कोण?" मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरने काय सांगितलं ते ऐकलंस ना तू? या बाजूने मला काही येत नाही."

आणि त्यांनी जरा पाय उचलला.